ठकूबाईने कबूल केलेली चूक

फार पूर्वी एकाच नदीच्या काठी दोन राज्यं होती, एक वर डोंगरात आणि दुसरं खाली सपाटीवर. एका वर्षी खालच्या राज्यात गुरं पटापट मरू लागली. वरच्या राजाने नदीत विष कालवलं, अशी आवई उठली. लोक भाले घासूनपुसून ठेवू लागले.

वरच्या राजाला घोर लागला. खालच्या लोकांचं मन वळवायला त्याने एक गोडबोल्या दूत पाठवला. बरोबर वाजंत्री, भाट, मिठाईच्या पाट्या आणि गुरांवर औषधपाणी करणारी ठकूबाई.

दूताने पहिल्याच गावात चावडीवर राजाचे गोडवे गायले. मिठाईला कुणी हात लावला नाही. एक म्हातारी गवळण म्हणाली, "तुमचा राजा थोर असेल बाबा. पण माझ्या पाच म्हशी गेल्या. सहावी गोठ्यात आडवी पडलीय."

ठकूबाई उठली. "चल, दाखव मला."

म्हशीचा गळा सुजला होता, अंग तापलं होतं. ठकूबाईने ओळखलं. "हे विष नाही, रोग आहे," ती जमलेल्या लोकांना म्हणाली. "आमच्याकडे तो आधी आला. जत्रेला आमची आजारी गुरं इथे विकली गेली. चूक आमचीच."

दूताने तिला बाजूला ओढलं. "अगं, महाराजांची कीर्ती सांगायला आलोय आपण! हे काय बोलून बसलीस?"

"खरं तेच बोलले. तुम्ही व्हा पुढे, मी थांबते."

लोक खवळले. पण गवळण म्हणाली, "जी बाई स्वतःची चूक सांगते, ती औषधही खरंच देईल."

ठकूबाई दोन महिने राहिली. तिने आजारी गुरं वेगळी बांधली, मेलेली खोल पुरायला लावली, गोठ्यागोठ्यात काढे पाजले. रोग हटला. लढाईचं कुणी नाव काढेना.

इकडे दूताने परत जाऊन राजाकडे ठकूबाईची चुगली केली होती. ठकूबाई परतताच तिला दरबारात उभं केलं गेलं. तेवढ्यात खालच्या राज्यातली पन्नास माणसं दारात आली. "ठकूबाईंचे आणि त्यांना पाठवणाऱ्या राजाचे आभार मानायला आलोय," ती माणसं म्हणाली.

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने ठकूबाईपुढे हात जोडले. "मी तुम्हा सगळ्यांना माझी स्तुती करायला धाडलं होतं, बाई. तू लढाई टाळलीस. तुझे उपकार कसे फेडू?"

"यापुढे गुरं तपासूनच जत्रेला पाठवा, महाराज. एवढं पुरे."

राजाने त्याच दिवशी तसा हुकूम काढला.

तात्पर्य एवढंच: परक्यांच्या मनात जागा हवी असेल, तर आपली थोरवी ऐकवू नये, चूक कबूल करून त्यांच्या मदतीला जावं.