कळीएवढी इच्छा

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे सकाळी ढग गवतावर बसायला उतरतात, तिथे डोंगराई देवीची फुलबाग होती. बागेत पिवळीधमक शेवंती होती, शेंदरी अबोली होती आणि पांढऱ्याशुभ्र जाईचा एक मांडव होता. बागेच्या कोपऱ्यात एक झोपडी होती. तिचं छप्पर गळायचं, पण आतली माणसं त्याबद्दल फारसं बोलायची नाहीत. तिथे हौसा नावाची मुलगी तिच्या बाबांबरोबर राहायची. आई तिला आठवतही नव्हती.

देवीला रोज ताजी माळ लागायची. माळ द्यायचा मान हौसाच्या बाबांचा होता, आणि ज्याचा मान त्याची बागेतली झोपडी, अशी त्या गावाची रीत होती. पण उन्हाळ्यात विहिरीचा रहाट निसटला आणि बाबांचा उजवा हात त्यात सापडला. मग त्यांची बोटं मिटेनात. तेव्हापासून माळ हौसा करू लागली.

हौसाची बोटं चपळ होती. सकाळ मात्र तिच्या हातात राहत नसे. उठल्यावर ती आधी कात्री शोधायची. कात्री शोधताना टोपली दिसायची आणि टोपलीत मांजराचं करडं पिल्लू झोपलेलं असायचं. त्याला दुसरीकडे निजवेपर्यंत पूर्व गुलाबी व्हायची. मग तिला आठवायचं, की सोपट भिजत घातलेलंच नाही.

सोपट म्हणजे केळीच्या बुंध्याची वाळलेली साल. तिचे दोरे काढून त्यांत फुलं गुंफतात. दोरे संध्याकाळी पाण्यात टाकले, तर सकाळी रेशमासारखे मऊ होतात. कोरडे वापरले, तर गाठ मारताना तटकन तुटतात आणि फुलं मातीत सांडतात. हौसाची फुलं बहुतेक रोज सांडायची.

देवळातले गुरवकाका कधी ओरडले नाहीत. एकदा मात्र त्यांनी माळ हातात घेतली, उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हौसा, देवी थांबेल गं, पण सूर्य थांबत नाही. नवरात्राची पहिली माळ सूर्य उगवायच्या आत आली नाही, तर मान कोंडामावशीकडे जाईल. मग झोपडीही तिचीच."

कोंडामावशी कुंपणापलीकडे राहायची. गावातल्या घराघरांत नवरात्राचे घट बसत, त्यांच्यासाठी छोट्या छोट्या माळा ती करायची. तिची जीभ मिरचीसारखी होती. "अगं हौसे," ती कुंपणावरून ओरडायची, "तुझ्या आधी गोगलगाय पोचेल देवळात! तिच्याबरोबरच पाठवून दे ना माळ!"

हौसा टोपली घेऊन धावत राहायची. झोपडी गेली तर बाबांना घेऊन कुठे जायचं, एवढंच तिच्या मनात यायचं.

एका सकाळी ती अशीच धावत जाईच्या मांडवाखाली आली. दवाच्या थेंबांनी वेल लुकलुकत होती. दोन फांद्यांमध्ये कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात काहीतरी चंदेरी फडफडत होतं. हौसाला ते फुलपाखरू वाटलं. जवळ जाऊन पाहिलं, तर ती परी होती! जाईच्या कळीएवढी, मोरपिशी झग्यातली, काचेसारख्या पंखांची परी.

"हलू नकोस," हौसा म्हणाली. "हललीस की जास्त गुंतशील."

उशीर झालेलाच होता. तरी ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक धागा हळूहळू सोडवू लागली.

"ओढून तोड की," परी कुजबुजली. "लवकर होईल."

"कोळ्याचं घर आहे ते. त्यानेही रात्रभर खपून बांधलं असेल."

शेवटचा धागा सुटला. परी हौसाच्या अंगठ्यावर येऊन बसली आणि तिने पंख झटकले. सगळीकडे सोनेरी भुकटी उडाली.

"माग," परी म्हणाली. "तुला एक इच्छा मिळेल."

"माझ्या बाबांचा हात बरा कर."

परीचं तोंड एवढंसं झालं. "ती फार मोठी इच्छा आहे गं. माझ्या पंखांना पेलणार नाही. मी कळीएवढी आहे, माझ्याकडच्या इच्छाही कळीएवढ्याच."

"मग सकाळ जरा लांब कर."

"सकाळ सूर्याची. तिला मी हात लावत नाही."

"मग तू देतेस तरी काय?" हौसाने विचारलं. तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

परी हसली. चांदीच्या घुंगरासारखं हसली. "रोज तू काय विसरतेस?"

"सोपट भिजवायला."

"आणि काय कधीच विसरत नाहीस?"

हौसाने विचार केला. "संध्याकाळचा दिवा. अंधार झाला की बाबा हाक मारतात ना."

"मग ऐक. दिवा लागला की सोपट पाण्यात. मध्ये दुसरं काही नाही, मांजरसुद्धा नाही. दिव्याच्या ज्योतीत मी एक ठिणगी ठेवीन, ती तुला आठवण करील. पण नियम आहेत. ठिणगी फक्त आठवण करील, काम तुझ्याच हातांनी व्हायला हवं. एक दिवस चुकलं तर रडत बसायचं नाही, पण लागोपाठ दुसरा दिवस चुकला तर ठिणगी कायमची विझेल. आणि ती रोज थोडी थोडी लहान होत जाईल."

"लहान का?"

"तो नियम आहे," परी म्हणाली आणि जाईच्या पानाआड दिसेनाशी झाली.

त्या संध्याकाळी हौसाने दिवा लावला. ज्योतीतून एक निळसर ठिणगी उडाली आणि पाण्याच्या घंगाळावर जाऊन टिंग वाजली. हौसाने सोपट पाण्यात टाकलं. झालं. एवढंसं काम होतं ते.

सकाळी दोरे मऊ झाले होते. फुलं सांडली नाहीत. तरीही उशीर झालाच, कारण कात्री सापडली नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सोपट भिजवलं, की हौसा कात्री टोपलीत टाकून टोपली दाराच्या खुंटीला अडकवू लागली. ठिणगीने ते सांगितलं नव्हतं. मांजराच्या पिल्लाला खुंटीवर चढता येत नव्हतं. ते बाबांच्या पायांशी झोपू लागलं.

मध्ये एक दिवस चुकला. गावात बाहुल्यांचा खेळ आला होता आणि घरी यायला उशीर झाला. बाबांनी दिवा स्वतःच लावून ठेवला होता. सकाळी दोरे तुटले, फुलं मातीत पडली. हौसाचे डोळे भरून आले, पण परीचा नियम आठवून तिने ते पुसले आणि त्या संध्याकाळी दिवा लागताच सोपट पाण्यात टाकलं. ठिणगी आली, पण मोहरीएवढी. मग खसखशीएवढी. मग एका संध्याकाळी सोपट पाण्यात बुडवून हात पुसताना हौसाच्या लक्षात आलं, की टिंग वाजलंच नाही. कदाचित ते आदल्या दिवशीही वाजलं नव्हतं.

पहिल्या माळेचा दिवस आला. आकाश अजून जांभळं होतं. हौसा दवभरली शेवंती खुडून अंगणात बसली, तेवढ्यात कुंपणाशी कोंडामावशी दिसली. आज ती ओरडत नव्हती.

"हौसे," ती हळूच म्हणाली, "शेळीने सोपट खाल्लं गं. भिजवलेलं सगळं. गावातल्या घटांच्या माळा कशात गुंफू? बाया आता न्यायला येतील."

हौसाने आपल्या घंगाळात पाहिलं. देवीची माळ कपाळापासून पायांपर्यंत पोचावी लागायची आणि दोरे तेवढ्यापुरतेच होते. आणखी सोपट भिजवायला आता वेळ नव्हता. झोपडीत बाबा खोकले.

"मावशी, घरोघरचे घट बिनमाळेचे राहतील?"

"राहतील. आणि मी तोंड दाखवू कुठे?"

हौसाने अर्धे दोरे काढून तिच्या हातात दिले.

कोंडामावशी दोऱ्यांकडे बघत राहिली. "आणि तुझी माळ?"

"बघते. तू जा, उजाडेल."

मावशी पळाली. हौसाने एक दोरा नखाने मधोमध चिरला. संध्याकाळपासून भिजलेलं सोपट लोण्यासारखं चिरत गेलं आणि एकाचे दोन दोरे झाले. पण ते केसासारखे बारीक होते. जोराने ओढले असते, तर तुटले असते. हौसा श्वास रोखून एकेक गाठ मारू लागली.

तेवढ्यात शेवंतीच्या ढिगावर उजेड पडला. परी आली होती.

"हौसा! तू अर्धे दोरे देऊन टाकलेस. आज नियम नाहीत. आज मोठी इच्छा आणली आहे मी, दोन्ही हातांनी उचलून. माग!"

"आत्ता बोलू नकोस गं," हौसा म्हणाली. "गाठ सुटेल."

परीला असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. तिने ओंजळ मांडीवर टेकवली आणि माळ वाढताना पाहत राहिली. पिवळं फूल, हिरवं पान, पिवळं फूल. कात्री शोधायची नव्हती, सांडलेली फुलं गोळा करायची नव्हती, म्हणून सावकाश गाठी मारायला हौसाला वेळ मिळाला. पूर्व गुलाबी होत होती. शेवटची गाठ बसली. हौसाने माळ दोन्ही हातांवर झोपाळ्यासारखी धरली आणि देवळाच्या पायऱ्या चढली.

गुरवकाका पूर्वेकडे बघत उभे होते. डोंगराच्या कडेला सोन्याची बारीक रेघ उमटत होती. त्यांनी माळ घेतली आणि देवीला घातली. माळ कपाळापासून निघाली, खाली आली, आणि तिचं शेवटचं फूल देवीच्या पायांवर टेकलं. मग सूर्य वर आला.

"गोगलगाय पोचली म्हणायची वेळेवर!" मागून कोंडामावशी धापा टाकत आली. तिच्या टोपलीत घटांच्या माळा होत्या. "काका, हिने अर्धे दोरे मला दिलेत, माहीत आहे का? उद्या कोणी मान माझ्या गळ्यात घालू नका. मला नको. पोरीला राहू दे तिथे."

गुरवकाकांनी माळेला हळूच बोट लावलं. "चिरलेल्या दोऱ्यावर केलीस?"

हौसाने मान डोलावली.

"मान आजपासून तुझ्या नावाने," ते म्हणाले. "बाबांना सांग, झोपडी कुठे जात नाही. छप्पर दसऱ्याआधी शाकारून घेऊ."

हौसा देवळाबाहेर आली. पायरीवर परी येऊन वाट पाहत होती. तिची मोठी इच्छा तिच्या ओंजळीत मधासारखी चमकत होती.

"आता तरी माग!"

हौसाने कुंपणाकडे पाहिलं. "त्या शेळीला सोपट कडू लागू दे," ती म्हणाली. "मावशीला रोज धास्ती नको."

"एवढंच?"

"जास्त उरत असेल, तर बाबांच्या हाताला थोडी ऊब दे. तुझ्या पंखांना पेलेल तेवढीच, बरा नाही झाला तरी चालेल. थंडीत फार दुखतो."

परीने ओंजळ उघडली. उजेड आधी तिच्या बोटांवर पसरला, मग मोरपिशी झग्यावर, मग काचेच्या पंखांवर. शेवंती झळाळली, जाईचा मांडव लखलखला, आणि झोपडीच्या दारात उभ्या असलेल्या बाबांनी हात उचलून त्याच्याकडे नवलाने पाहिलं. कुंपणापलीकडे एक शेळी थू थू करत शिंकली.

हौसाने डोळे चोळले. पायरीवर कोणीही नव्हतं, आणि समोर नुसताच सूर्य होता.