शिंजिरिणीचं गबाळं घर

घाटाखालच्या एका जंगलात शिंजिराचं एक जोडपं राहत असे. शिंजीर पाहिलाय ना तुम्ही, मुलांनो? केवढासा तो जीव, पण थाट बघा! चोच विळ्यासारखी वाकडी, जीभ नळीसारखी. फुलातला मध ओढून घेतो आणि कपाळाला लागलेला पराग पुढच्या फुलाला देऊन जातो. नर उन्हात निळाजांभळा झळकतो. मादी साधी, पिवळट-करडी. पण घर बांधावं तर तिनंच!

आठवडाभर ती राबली. कोळ्याची जाळी ओढून आणली, त्यांच्या धाग्यांनी गवत बांधलं आणि बारीक फांदीला लांबट पिशवी टांगली. आत सावरीचा मऊ कापूस घातला. बाहेरून मात्र सालीचे ढलपे, सुकी पानं, अळ्यांच्या लेंड्या असं काहीबाही चिकटवलं. मग आत दोन अंडी घातली.

शेजारचा बुलबुल हसत म्हणाला, "वहिनी, हे घर आहे की उकिरडा?"

नराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पांगाऱ्याची लालभडक पाकळी आणून दारावर खोवली. "अगं, चारचौघांत जरा शोभा तरी राहील!"

शिंजिरिणीनं पाकळी उपटून खाली टाकली. "शोभा तुमच्या अंगावरच असू द्या. आत माझी अंडी आहेत." नर फुगून दूर जाऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी भारद्वाज आला. अंडी आणि पिल्लं हुडकून खाणारा तो पक्षी! त्याला पाहताच शिंजिरीण आत अंग चोरून बसली. फांद्या धुंडाळत तो थेट घरट्यापाशी पोचला. त्याचा लाल डोळा वीतभर अंतरावर होता. समोरच्या फांदीवर नराचा जीव टांगणीला लागला. ती पाकळी तिथं असती तर?

"छे! जाळ्यात अडकलेला कचरा," भारद्वाज पुटपुटला आणि पुढं निघून गेला.

शाबास गं बाई! किती उन्हाळे-पावसाळे पाहिले असतील हिच्या जातीनं, तेव्हा ही अक्कल आली असेल.

थोड्या वेळानं नर परतला. चोचीत किडक्या पानाचा एक तुकडा होता. मान खाली घालून त्यानं विचारलं, "हे कुठं लावू?"

शिंजिरीण हसून म्हणाली, "दाराच्या वर. आणि नीट लावा हं, म्हणजे गबाळं दिसेल!"

तात्पर्य : काम तसंच का केलं, हे करणाऱ्याला ठाऊक असतं, त्याला हसण्याआधी एकदा विचारून पाहावं.