नैवेद्याची साखर

“आन् काँक्रीट घट्टच होऊ नये असं वाटलं, तर रं?”

मठातल्या म्हाताऱ्या साळूमायनं असं विचारलं तेव्हा विश्राम मनातून सुखावला. टेकडीवरच्या त्या मठात येण्याआधी तो काँक्रीटमध्ये घालायची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात होता. दीक्षा झाली, तरी त्या ज्ञानाची ऐट काही उतरली नव्हती.

एका रसायनानं कमी पाण्यातही माल खिरीसारखा वाहतो, दुसऱ्यानं लवकर आवळतो, असं तो सकाळपासून मायला ऐकवत होता.

“त्याला रसायन कशाला, माय? साखर पुरते,” तो म्हणाला. “चिमूटभर पडली तर माल उशिरा घट्ट होतो. जास्त पडली तर नुसता चिखल.”

“बरं…”

त्या दिवशी मठाच्या झऱ्याभोवती भिंत ओतायची होती. मग दार, मग कुलूप. पाणी फक्त मठाच्या पाहुण्यांना, असं कारभाऱ्यांनी ठरवलं होतं. खालच्या पाड्याला दुसरं पाणी नव्हतं. माय कारभाऱ्यांकडे जाऊन आली होती. त्यांनी तिच्या पाया पडून तिला परत पाठवलं होतं. पाया पडणारे ऐकतातच असं थोडंच आहे. भिंतीची देखरेख विश्रामकडे होती आणि तो त्या कामाला सेवा म्हणत होता.

माय उठली. नैवेद्याच्या साखरेचा मोठा डबा काखेत घेऊन आली आणि मिक्सरशेजारच्या पाण्याच्या पिंपात तिनं तो उपडा केला. वर काठीनं ढवळलंही.

विश्राम हादरला.

“माय, देवाची साखर ही… आणि भिंत माझ्या भरवशावर सोडलीय.”

“आन् पाडा कुनाच्या भरवशावर हाय?”

“मी पिंप ओतून टाकीन.”

“टाक.”

ती बाजूला झाली.

विश्रामनं पिंपाच्या काठाला हात घातला. पायवाटेनं पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन वर येत होत्या. उद्यापासून पाणी मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आज घरातलं एकूणएक भांडं आणलं होतं. त्याला मायचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो जास्त होता.

गडी आले. काम सुरू करायचं का, म्हणून त्यांनी विचारलं.

“…करा सुरू.”

त्यानं काठावरचा हात काढून घेतला. गड्यानं पिंपातून पहिली बादली भरून मिक्सरमध्ये ओतली. कारभारी लांबून कौतुकानं बघत होते.

विश्राम मायजवळ येऊन बसला.

“साच्याच्या फळ्या काढल्या की भिंत ढासळणार, माय,” तो हळूच म्हणाला. “पण कारभारी गप्प बसायचे नाहीत. नवं सिमेंट आणतील, नवं पाणी भरतील. मग?”

मायनं रिकामा डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

“मग त्या पाण्याला निवद तू दाखव.”