हरणीची घंटा

फार फार वर्षांपूर्वी, आपल्याला सगळं कळतं असं माणसांना आजच्याइतकंच वाटत असे, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांची वाडी होती. उन्हाळ्यात खालचा ओढा आटला की गुरं डोंगरावरच्या झऱ्याकडे जात. मध्ये पुरुषभर उंच कारवीचं रान. प्रत्येक कळपापुढे घंटा बांधलेली एक जाणती गाय चाले, तिच्यामागे कळप आणि सगळ्यांत मागे मालक. त्यामुळे वाट गायींना पाठ होती. मालकांना पाठ होत्या फक्त शेपट्या.

वाडीतल्या हैबतीला विचार करायची आवड होती. एकदा गोठ्यात बसल्या बसल्या त्याला प्रश्न पडला, की कालवड तीन वर्षं चारा खाते आणि थेंबभर दूध देत नाही, मग ती पोसायची कशाला? प्रश्न चांगला होता. उत्तर मात्र त्याला फार लवकर सापडलं. आईचं दूध तुटलं की तो कालवडी खालच्या मुलखातल्या व्यापाऱ्याला देऊ लागला आणि बदल्यात दुभत्या गायी आणू लागला.

शेजारी त्याची थोरली भावजय राही राहायची. ती प्रत्येक कालवडीला पहिला उन्हाळा घंटेच्या गायीशी दाव्याने जोडून चालवायची. वाडीची ती जुनी रीतच होती.

"वहिनी, गायीला एक शेपूट असताना हे दुसरं कशाला बांधलंत?" हैबतीने विचारलं.

"शिकायला धाडलीय, भावोजी. तुमच्याकडे कुणी शिकत नाही, म्हणून ओळखू आलं नाही."

हैबती हसला. त्याच्या घरी चरव्या भरून वाहत होत्या. माणसाला हसायला तेवढं पुरतं.

हिवाळ्यात त्याची म्हातारी घंटेची गाय, हरणी, गेली. हैबती दोन दिवस जेवला नाही. मग त्याने तिची घंटा सर्वांत जास्त दूध देणाऱ्या गायीच्या गळ्यात बांधली. मोठं पद कुणाला द्यायचं, याचा त्याचा हिशेब सरळ होता.

उन्हाळा आला. ओढा आटला. राहीचा कळप कारवीत शिरला. हैबतीची घंटेची गाय रानाच्या तोंडाशी थांबली आणि मागे वळून हैबतीकडे पाहू लागली. हैबती तिच्याकडे पाहू लागला. वाट दोघांनाही माहीत नव्हती. ओढलं, हाकललं, पण हरणी पुढे नसताना सखलातली ती गुरं त्या रानात पाऊल टाकेनात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जिभा बाहेर आल्या. घागरींनी आणलेलं पाणी एकेका घोटालाही पुरेना.

हैबती धावत व्यापाऱ्याकडे गेला. हरणीची शेवटची कालवड अजून त्याच्याकडेच होती.

"हरणीचं रक्त आहे. हिला वाट ठाऊक असणार," हैबती म्हणाला.

गरज ओळखून व्यापाऱ्याने तीन दुभत्या गायी मागितल्या. हैबतीने कबूल केल्या. कालवड आली, रानाच्या तोंडाशी उभी राहिली आणि शांतपणे पाला खाऊ लागली.

"वहिनी, हिला आठवत कसं नाही?"

"चाललीच नाही, ते आठवेल कसं? वाट काय रक्तात असते?" राही म्हणाली. "पण आईची घंटा तिने रोज ऐकलीय. ती वाजवा. माझ्या गायींच्या मागून चला."

"घंटा बांधू कुणाला? गायी तर पुढे होत नाहीत."

राहीने त्याच्या गळ्याकडे पाहिलं.

हैबतीने घंटा स्वतःच्या गळ्यात बांधली आणि राहीच्या शेवटच्या गायीमागे पाऊल टाकलं. घंटा वाजली. कालवडीने तोंडातला पाला टाकला. कान टवकारले आणि ती त्याच्यामागे निघाली. तिच्यामागे, एकेक करत, सगळा कळप कारवीत शिरला. झऱ्यावर गुरं इतका वेळ पाणी प्यायली, की हैबतीला रडायलाही सवड मिळाली.

तो सबंध उन्हाळा हैबती रोज घंटा बांधून डोंगर चढला. वाडीतली माणसं त्याला चारा दाखवत. पुढच्या वर्षी घंटा कालवडीच्या गळ्यात गेली, आणि तिच्या दाव्याला एक नवी कालवड जोडलेली होती.

व्यापारी आला तेव्हा हैबती म्हणाला, "दुभत्या गायी असतील तर दाखव. कालवड मात्र मागू नकोस. ती शिकतेय."

तात्पर्य : दूध देणारी गाय विकत मिळते, वाट दाखवणारी घरीच वाढवावी लागते.