लोटनची परवानगी

तापीकाठच्या एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव लोटन. बायकोने 'जरा दाराकडे बघा' म्हटलं की तो दाराकडे बघत बसायचा. दारातून कोंबड्या आत येऊन दाणे टिपायच्या. तेही तो बघायचा.

दळण मात्र बारीक दळायचा. कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात गेलं, असं कधी झालं नाही. घरात बायको जनाबाई आणि एकुलती एक मुलगी उज्ज्वला. उज्ज्वला तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला जायची. घरातली अक्कल सगळी तिच्याकडे होती आणि लोटन तिचा शब्द खाली पडू देत नसे. घोळ व्हायचा तो तिथूनच.

उज्ज्वलाने नवा फोन घेतला आणि जुना बापाला दिला. गिरणीत लाईट सारखी जायची, म्हणून लोटनने टॉर्चचं ॲप घेतलं. फोनमध्ये टॉर्च आधीच होता, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ॲप उघडलं तसं त्याने विचारलं, तुमच्याकडचे सगळे नंबर बघू का? परवानगी द्याल का? लोटनला भरून आलं. उभ्या आयुष्यात त्याची परवानगी कुणी मागितली नव्हती. त्याच्या लग्नातसुद्धा नाही. तो म्हणाला, घे बाबा. मग ॲपने फोटो मागितले. लोटन म्हणाला, बघ. तुमचं बोलणं ऐकू का? ऐक की. तुम्ही कुठे आहात ते बघू का? लोटन म्हणाला, इथेच आहे, गिरणीत, ये केव्हाही.

पुढच्या बाजाराच्या आत लोटनच्या नंबरवरून गावभर जाहिरातीचा मेसेज गेला. 'सुटलेलं पोट आत घ्या. लाजू नका.' गावाच्या सरपंचांचं पोट असं होतं, की ते गिरणीत शिरायचं आणि मागून सरपंच यायचे. त्यांना वाटलं, मेसेज आपल्यालाच आहे. त्यांचं दळण दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या गावी जाऊ लागलं.

उज्ज्वलाने ते ॲप काढून टाकलं आणि बापाला समोर बसवलं. म्हणाली, "आबा, उजेड पाडायला टॉर्चला माणसांचे नंबर कशाला लागतात? कुणी काही मागितलं की आधी विचारायचं, तुझ्या कामाला हे कशाला लागतं? लागत नसेल तर द्यायचं नाही."

"बरं," लोटन म्हणाला. "आता तसंच करीन."

थोड्याच दिवसांत शेतात वांग्याच्या भरताची पार्टी झाली. लोटनला भरीत जरा जास्त झालं आणि सकाळी पोट धरून तो सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याला बसवलं आणि जीभ दाखवायला सांगितली.

लोटन सावध झाला. म्हणाला, "बाई, दुखतंय पोट. त्याला जीभ कशाला लागते?"

बाईंनी समजावून सांगितलं. लोटनला पटलं नाही. नाडी बघायला त्यांनी हात मागितला. लोटनने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि म्हणाला, हात ठणठणीत आहेत. बाईंनी वय विचारलं. लोटनने विचारलं, पोटाचं की माझं? रात्री काय खाल्लं होतं, असं विचारल्यावर तर तो उठूनच उभा राहिला. बाई म्हणाल्या, मग मी औषध कशावर देऊ? तो म्हणाला, पोटावर द्या. असं म्हणून तो तसाच वाकून घरी आला. पोट दुखतच होतं, पण आज आपण काहीसुद्धा दिलं नाही, याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

जनाबाईने ओवा चावायला दिला. उज्ज्वलाने कपाळावर हात मारून घेतला आणि मग नीट सांगितलं, की डॉक्टर आपल्याला मदत करतात. जो आपल्याला मदत करतो त्याच्यापासून काही लपवायचं नसतं. तो विचारील ते सांगायचं, आणि विचारायचं राहिलं तर तेही सांगायचं.

"हे आधी सांगायचं ना," लोटन म्हणाला. "आता तसंच करीन."

उज्ज्वलासाठी स्थळ बघणं चालू होतं. तिला एक चांगली साडी आणायला लोटन बाजाराला निघाला. जाता जाता एकाचं पिठाचं पोतं पोचवायचं होतं. पोतं एसटीत चढेना. तेव्हा एका अनोळखी माणसाने खालून हात लावला आणि पोतं वर घेतलं. मग तो शेजारीच बसला आणि सहज म्हणाला, कुठे निघालात?

माणसाने मदत केली होती. लोटनने सांगायला सुरुवात केली. साडी आणायला निघालोय म्हणून सांगितलं. मुलगी दुकानात असते, बायको आज कापूस वेचायला गेलीय, घराला कुलूप आहे, हेही सांगितलं. माणूस गप्प बसला, तेव्हा लोटनच्या लक्षात आलं की याचं विचारायचं राहिलंय. मग त्याने न विचारलेलंही सांगितलं. किल्ली वरच्या कोनाड्यात असते. दागिने तुरीच्या डाळीच्या डब्यात असतात. कुत्रं भुंकतं, पण गुळाचा खडा टाकला की शेपूट हलवतं. माणूस पुढच्याच फाट्यावर उतरला. त्याला काहीतरी काम आठवलं होतं. लोटनने खिडकीतून हात हलवला.

संध्याकाळी घरी आला तर जनाबाई ओट्यावर बसलेली. कुलूप उघडं होतं. घरातून डाळीचा डबा गेला होता. कुत्रं गूळ चाटत होतं.

लोटन तिच्याशेजारी जाऊन बसला. दागिने उज्ज्वलाच्या लग्नासाठी ठेवलेले. त्याला रडूच फुटलं. जनाबाईने त्याला रडू दिलं आणि मग पाणी दिलं. म्हणाली, "डब्यात डाळच होती. तुम्हाला मी खरी जागा कधी सांगितली होती?"

लोटनला इतकं बरं वाटलं की त्याने डोळे पुसले आणि विचारलं, मग खरी जागा कोणती? जनाबाई उठून चुलीकडे गेली.

उज्ज्वलाने त्या रात्री जेवतानाच धडा दिला. अनोळखी माणसाला काही म्हणजे काही सांगायचं नाही. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, घरात कोण आहे तेही सांगायचं नाही. लोटनने तोंडातला घास संपवून मान हलवली.

मग नदीपलीकडचं एक स्थळ आलं. मुलगा हेमराज, पंपांची दुरुस्ती करायचा. त्याचे वडील ओंकारआप्पा शब्दाला पक्के, पण आवाज असा की शेजारच्या शेतातली पाखरं उडायची. उज्ज्वलाला फोटोतला मुलगा आवडला होता. तिने तसं सांगितलं नाही, पण पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून तिने तीनदा वेणी घातली. पाहुणे येईपर्यंत मध्ये मध्ये नको म्हणून जनाबाईने लोटनला गिरणीत पाठवलं.

पाहुण्यांची गाडी नेमकी गिरणीसमोरच थांबली. आप्पांनी काच खाली करून विचारलं, लोटन गिरणीवाल्यांचं घर कोणतं?

लोटनने या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, "सांगत नसतो."

आप्पांनी विचारलं, तुमचं नाव काय? लोटन म्हणाला, तेही सांगत नसतो. आप्पांनी वर बघितलं. वर पाटी होती, 'लोटन पिठाची गिरणी'. मग लोटन तुम्हीच ना, असं त्यांनी विचारलं. लोटन म्हणाला, ते पाटीला विचारा. आप्पा गाडीतून उतरले. म्हणाले, उज्ज्वला नावाची मुलगी बघायला आलोय, ती याच गावची ना, एवढं तरी सांगा. लोटनने गिरणीचा पट्टा चढवला, बटण दाबलं आणि त्या आवाजात ओरडून सांगितलं, की माझ्या घरात मुलगी आहे की नाही हे मी कुणाला सांगणार नाही.

गाडी गावातून दोनदा फिरली. शेवटी एका म्हातारीने घर दाखवलं. पोहे झाले, चहा झाला, उज्ज्वला येऊन बसली. आणि आप्पांनी मुलीचे वडील कुठे आहेत म्हणून विचारलं, तेव्हा पांढऱ्या भुवयांचा लोटन दारातून आत आला.

उज्ज्वलाने बापाकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि ती काय ते समजली. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. आप्पा लोटनकडे बघत राहिले. मग खो खो हसायला लागले. छपरावरचं कबुतर उडालं. ते म्हणाले, "आजकाल लोक घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडतात. हा माणूस आपलं नावसुद्धा सांगत नाही. मुलगी अशाच घरची पाहिजे."

लग्न ठरलं. लोटनला वाटलं, धडा बरोबर गिरवला. पण उज्ज्वलाने पाहुणे गेल्यावर त्याचे कपडे झटकता झटकता सांगितलं, की ही माणसं आता अनोळखी राहिली नाहीत, आपली झाली. आपल्या माणसांना नाही म्हणायचं नसतं. ती मागतील ते द्यायचं.

साखरपुडा मुलाच्या गावी होता. लोटन पुढे सामान घेऊन टेम्पोने निघाला आणि वाट चुकला. आप्पांनी फोन केला आणि म्हणाले, कुठे आहात ते मला फोनवर दिसू द्या, माणूस पाठवतो. फोनने लोटनला विचारलं, किती वेळ दिसू द्यायचं? एक तास की नेहमी? आपली माणसं. लोटनने नेहमी दाबलं. माणूस आला, साखरपुडा झाला, पेढे वाटले, सगळे घरी आले.

आप्पांना मात्र नवा छंद लागला. पंप हेमराज दुरुस्त करायचा, आप्पा खाटेवर बसून व्याही कुठे आहे ते बघायचे. एक दिवस संध्याकाळी त्यांनी फोन केला. तो जनाबाईने उचलला. आप्पांनी काळजीने विचारलं, की व्याही रोज दुपारी गिरणी सोडून नदीकाठच्या चिंचेखाली जातात, तिथे त्यांचं काय काम असतं?

लोटनचं तिथे झोपायचं काम असायचं. जनाबाईला त्याने सांगितलं होतं की दुपारी गिरणी तापते, तिला थंड होऊ द्यावं लागतं. त्या दिवशी गिरणी थंड होती आणि जनाबाई तापली होती.

उज्ज्वलाच्या हळदीला थोडेच दिवस राहिले होते. तिने बापाचा फोन घेतला, ते नेहमीचं दिसणं बंद केलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आबा, माणूस आपला असो नाहीतर परका, कायमचं कुणालाच काही द्यायचं नाही. फक्त या वेळी, एवढंच म्हणायचं. पुन्हा लागलं तर पुन्हा मागतील. मी आता इथे नसणार. एवढं एक लक्षात ठेवा."

मी इथे नसणार, हे लोटनने तोवर धरलंच नव्हतं. त्याने ते तेव्हाच ऐकलं. बराच वेळ तो फोनवरचं पीठ पुसत बसला. मग म्हणाला, "लक्षात ठेवीन."

लग्न झोकात झालं. अक्षता पडल्या. कन्यादानाला लोटन आणि जनाबाई पाटावर बसले. भटजींनी उज्ज्वलाचा हात हेमराजच्या हातात ठेवायला लावला, वरून पाणी सोडलं आणि लोटनला म्हणाले, म्हणा, कन्या दिली.

लोटनने उज्ज्वलाकडे बघितलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "दिली. फक्त या वेळी."

मांडवात माइक चालू होता. सगळीकडे ऐकू गेलं. माणसं हसली, आप्पा सगळ्यात जास्त हसले, उज्ज्वला मुंडावळ्यांमागे हसता हसता रडली. लोकांना वाटलं, गिरणीवाल्याने भारी गंमत केली. जनाबाई तेवढी हसली नाही. लोटन गंमत करत नसतो, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराजच्या घरी सत्यनारायणाची तयारी चालली होती. दारात टेम्पो थांबला. लोटन उतरला आणि उज्ज्वलाला म्हणाला, चल, पिशवी घे. आप्पांना म्हणाला, काल त्या वेळेपुरती दिली होती. आता पुन्हा पाहिजे असेल तर पुन्हा मागा.

विहीणबाईंच्या हातात प्रसादाचा शिरा होता, तो तसाच राहिला. उज्ज्वलाने बापाचा हात धरून त्याला ओसरीत नेलं. तिला राग येत नव्हता, हसूही येत नव्हतं. ती म्हणाली, "आबा, ते फोनचं होतं. सोयरिकीत असं नसतं. एकदा घर आपलं म्हटलं की तिथे फक्त या वेळी म्हणायचं नाही. नेहमीसाठी म्हणायचं."

लोटनने तिच्याकडे बघितलं. घर बघितलं. अंगणात लिंबाची सावली होती. खाट होती. आतून शिऱ्याचा वास येत होता. त्याला सगळं पटलं.

तो बाहेर आला आणि त्याने आप्पांपुढे हात जोडले. चुकलं म्हणाला, मुलगी नेहमीसाठी दिली. आप्पांनी मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "व्याही, हे घर तुमचंच आहे. आलाच आहात, तर राहा आता."

लोटनने टेम्पोवाल्याला परत जायला सांगितलं. टोपी काढून खुंटीला अडकवली, खाटेवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "नेहमीसाठी."