मानाचा शेला आणि तान्हूबाईची कळ

एका गावात एक वैद्य होता, अशी सुरुवात करायची रीत आहे. पण निंबसरी गावात एकच वैद्य असता, तर ही गोष्ट घडलीच नसती. तिथे वैद्य होते चाळीस, तेही एकाच आळीत! दाराला दार लागून, खलाला खल लागून. सकाळी सगळे मिळून कुटायला बसले की झाडावर पाखरू टिकत नसे.

कामं मात्र वाटून घेतलेली. गर्भाशयाचं दुखणं असेल तर गिरजाक्का सुईणीकडे जायचं. लघवीचं असेल तर धोंडोबा वैद्यांकडे, आतड्यांचं असेल तर बाळंभटांकडे, हाडांचं-स्नायूंचं असेल तर मल्लू हाडवैद्याकडे. आणि कुणालाच काही कळेनासं झालं की सोनोपंतांकडे. सोनोपंत नाडीवैद्य. मनगटावर तीन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि रोगाचं नाव सांगायचं. रोग्याला एक अक्षर विचारायचं नाही.

हे शेवटचं नीट ध्यानात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे. या आळीत रोग्याला विचारणं म्हणजे नामुष्की. विचारून तर कुणीही सांगेल, मग वैद्य कशाला, असं ते म्हणत. रोगी आपणहून बोलायला लागला तर हात वर करून त्याला गप्प करत. शेजारच्या वैद्याने काय दिलं होतं, हेही विचारायचं नाही. त्यात तर दुप्पट कमीपणा.

दरवर्षी चैत्रात गावात वैद्यांचा मेळा भरे. हलगी कडाडायची, पोरं झाडांवर चढून बसायची, खुद्द राजा यायचा. मांडवात कुणाच्याही औषधाने बरा न झालेला एक रोगी बसवत. वैद्य एकेक करून येत, तपासत आणि रोग सांगत. रोग्याने तोंड उघडायचं नाही. पटलं तर फक्त मान डोलवायची. ज्याच्या बोलण्यावर मान डुलली, त्याच्या खांद्यावर मानाचा शेला. आणि चाळीस वैद्य डोळे वटारून बघत असताना मान न डोलवणारा रोगी तोवर जन्माला यायचा होता.

सोनोपंतांनी नऊ वर्षांत नऊ शेले जिंकले होते. दहावा मिळाला की गावच्या वेशीवर त्यांचं नाव दगडात कोरलं जाणार होतं. गवंडी दगड घासून तयार होता. त्या दिवशी सकाळी सोनोपंतांनी दोनदा गंध पुसून तीनदा लावलं. गेल्या वर्षीचा शेला खांद्यावर टाकला, आणि बायकोला म्हणाले की हे विणकर हल्ली फार आळशी झालेत, बघ, कापडात जागोजागी रेघा पडल्यात. बायको म्हणाली, बघितलंय मी, निघा आता.

मांडवात पोचतात तो काय, गलकाच गलका! यंदाची रोगी कोण, तर दरवर्षी तो मानाचा शेला विणणारी तान्हूबाई कोष्टीण. चार दिवसांपूर्वी शेला द्यायला ती राजवाड्यावर गेली होती आणि राजालाच म्हणाली होती, की यंदा मांडवात मी बसणार. सात वर्षं ओटीपोटात कळ आहे. सासू म्हणते, बायकांचं असं व्हायचंच. नवरा म्हणतो, देवाला नवस बोल. वैद्य म्हणतात, मनाचे खेळ. मांडवातही हेच ऐकायला मिळालं, तर हा शेला शेवटचा. माग मोडून विकीन आणि मागाचा खड्डा मातीने बुजवून टाकीन. तिच्या आजीपासून चालत आलेला माग होता तो. राजा नुसता हो म्हणाला, दुसरं काय म्हणणार!

हलगी वाजली. पहिली उठली गिरजाक्का. ऐटीत पदर खोचून आली, तान्हूबाईभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, बाळंतपणातलं दुखणं आहे. लोकांनी माना पुढे काढल्या. तान्हूबाईची मान काही हलेना.

धोंडोबा आले, म्हणाले लघवीचं दुखणं. मान जागच्या जागी. बाळंभट आले, म्हणाले कोठा जड आहे. मान हलली नाही. मल्लू तर मांडीवर शड्डू ठोकूनच आला आणि म्हणाला, कंबरेची नस आखडली आहे. तरी मान ताठच. गर्दीत हा हा म्हणता कुजबुज वाढली. मांडवात असं कधी घडलं नव्हतं! माणसं टाचा उंचावून बघू लागली. पंतांची छाती फुगली. आता पंतच, पंतच, असा घोष सुरू झाला आणि गवंड्याने छिन्नी हातात घेतली.

सोनोपंत येऊन बसले. तीन बोटं मनगटावर ठेवली, डोळे मिटले. नाडी लागली, जराशी जलद होती, बाकी काही नाही. पंतांनी बोटं दाबली, सैल केली, पुन्हा दाबली. काही म्हणजे काही कळेना. पंतांच्या पाठीवरून घाम ओघळला.

तसा शब्द तयार होता त्यांच्याकडे, 'वातगुल्म'. असा भारदस्त शब्द संथ आवाजात टाकला की समोरचा निम्मा वाकतो, हे त्यांना तीस वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. ही बाईही दमलेली होती, डोलवील मान. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती उघडायची कुणी सांगितलीय? वातगुल्म म्हणायचं, शेला घ्यायचा आणि घरी जायचं.

एवढ्यात त्यांनी एक गोष्ट केली, जी नाडी बघताना कधीच केली नव्हती. त्यांनी डोळे उघडले.

तान्हूबाई एका अंगावर कलून बसली होती. दुसऱ्या हाताने तिने चटईचं टोक इतकं आवळून धरलं होतं की नखं पांढरी पडली होती. खालचा ओठ दातांत होता. इतका वेळ मांडवात बसणंच तिला जड जात होतं, आणि हे त्या मांडवात कुणीच पाहिलं नव्हतं. पंतांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षं आपण डोळे मिटून माणसं तपासली, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मनगट हलकेच सोडलं.

"बाई, काय होतं तुम्हाला? अगदी पहिल्यापासून सांगा."

हलगीवाल्याच्या हातातली काडी खाली पडली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. राजा पुढे वाकून म्हणाला, "पंत, विचारलंत तुम्ही. दहावा शेला गेला."

"जाऊ द्या, महाराज. मला कळलेलं नाही."

आणि काय सांगू, त्या तीन शब्दांनी असा काही हलकेपणा आला त्यांना! पण तान्हूबाई मात्र बोलेचना. तोंड उघडायची, मिटायची. सात वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, तर उत्तर कुठून सुरू करायचं हेच तिला समजेना. मग ती घळघळा रडली. पंतांनी घाई केली नाही. आधी तिला उभं राहायचं असेल तर उभं राहू दिलं, पाणी दिलं आणि थांबले.

मग ती बोलू लागली, आणि धरण फुटावं तशी बोलली. सात वर्षांपूर्वी धाकटी लेक झाली. बाळंतपण अवघड गेलं, तरी दहाव्या दिवशी ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, कारण शेल्याची तारीख टळत नाही. ओटीपोटात ओढ बसू लागली. खड्ड्यातून चढ-उतार करताना कळ यायची, म्हणून ती दिवसभर लघवी दाबून धरू लागली. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं तोडलं. मग कोठा जड झाला, कुंथताना जीव जाऊ लागला. कळ येईल या धाकाने सगळं अंग सदा आवळलेलं. नवऱ्याजवळ जायचंही भय वाटू लागलं, हे मात्र तिने मान खाली घालून सांगितलं. आधी गिरजाक्काकडे गेली, मग धोंडोबांकडे, बाळंभटांकडे, मल्लूकडे. प्रत्येकाने आपापली पुडी दिली.

"आणि तिसऱ्या वर्षी आपल्याकडे आले होते, पंत. आपण हात वर केलात."

पंतांना ते आठवतही नव्हतं. तेच त्यांना जास्त लागलं.

"आधी हातभर विणून व्हायचं, मग उठावं लागे," तान्हूबाई म्हणाली. "मग दीड वीत. आता वीतभरही बसवत नाही. उठून परत बसलं की हाताचा ठोका बदलतो, आणि तिथे कापडावर आडवी रेघ उमटते."

पंत ताडकन उठले. खांद्यावरचा शेला काढून त्यांनी उन्हात धरला. रेघ! वीतभर सोडून दुसरी रेघ! पुन्हा वीतभर सोडून तिसरी! सकाळी ज्यांना आळस म्हणून नावं ठेवली, त्या रेघा कळेच्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वैद्यराज बाईचं दुखणं वर्षभर खांद्यावर घेऊन मिरवत होते.

माणूस धाडून त्यांनी घरचे बाकीचे आठ शेले मागवले. पंतांची बायको स्वतःच गाठोडं घेऊन धावत आली. मांडवात नऊ शेले ओळीने पसरले. पहिले दोन साफ, पाण्यासारखे. तिसऱ्यात हातभर अंतरावर रेघा. चौथ्यात त्याहून जवळ. पाचव्यात, सहाव्यात आणखी जवळ. लोक गुडघ्यांवर बसून विती मोजू लागले. इथे बघा, इथे, असा एकच गोंधळ! सात वर्षांचं दुखणं, तारीखवार, धाग्यात विणलेलं समोर पडलं होतं. सासूबाईसुद्धा वाकून रेघांवरून बोट फिरवत होत्या.

आणि मग जे झालं ते निंबसरीत कधी झालं नव्हतं. वैद्यांना बसायला मांडलेल्या मानाच्या चौथऱ्यावरून गिरजाक्का उतरली. तिने बाळंतपणाचे दिवस विचारले. धोंडोबा उतरले, दिवसातून पाणी किती वेळा, लघवी किती वेळा, हे विचारू लागले. बाळंभट आले. मल्लूही आला. चौघांना एकदमच उमगलं, की आपण प्रत्येक जण थोडं बरोबर होतो आणि म्हणूनच सगळे चुकलो. गिरजाक्काने तान्हूबाईला विचारून, ती हो म्हणाल्यावर, पडद्याआड नेऊन तपासलं. बाहेर येऊन म्हणाली की गर्भाशय ठणठणीत आहे, पण ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जी झोळी असते, ती दगडासारखी कडक झाली आहे.

मल्लूने आपली मूठ सगळ्यांना दाखवली. "ही सात वर्षं आवळून धरली तर हात दुखणारच. जोर करून उपयोग नाही. ती सोडायला शिकवावी लागते."

उपचार पाचांनी मिळून ठरवला. लघवी दाबायची नाही, पाणी वेळेवर प्यायचं, हे धोंडोबांनी बघितलं. कोठ्याचं बाळंभटांनी बघितलं. गिरजाक्काने कोमट पाण्यात बसायला सांगितलं आणि श्वास सोडत खालचं अंग सैल कसं करायचं ते रोज शिकवलं. मल्लूने कंबर-मांड्या मोकळ्या केल्या आणि सुताराला गाठून खड्ड्याला दोन पायऱ्या आणि मागाला उंच बैठक करून घेतली. सोनोपंत काय करत होते? ते दर आठवड्याला जाऊन विचारत आणि बाकीच्या चौघांना सांगत. जादू काही झाली नाही बरं का. पहिला महिना तर कळ होती तशीच होती, आणि तान्हूबाई एकदा म्हणालीही की पुरे झालं. पंत म्हणाले, बरं, काय पुरे झालं ते सांगा. तिसऱ्या महिन्यात ती रात्रभर झोपली. सहाव्या महिन्यात सासूने मागाजवळ पाण्याचा तांब्या आणून ठेवला, कुणीही न सांगता.

पुन्हा चैत्र आला, पुन्हा हलगी कडाडली. तान्हूबाईने नवा शेला आणला. सगळ्यांच्या आधी पंतांनी तो उन्हात धरला. सुरुवातीला तीन रेघा होत्या. पुढे पदरापर्यंत एकही नाही! लोकांनी असा काही जल्लोष केला, की हलगी ऐकूच येईना.

राजा विचारात पडला. शेला एक आणि वैद्य पाच, द्यायचा कुणाला? सोनोपंतांनी तो हात जोडून मागून घेतला. मांडवात यंदाचा रोगी बसला होता, एक म्हातारा गाडीवान, घाबरून अंग चोरून घेतलेला. पंतांनी मानाचा शेला त्या गाडीवानाच्या खांद्यांवर घातला. पाची वैद्य त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाबा, काय होतं तुम्हाला? पहिल्यापासून सांगा."

निंबसरीत तेव्हापासून हीच रीत पडली. वेशीवरचा दगड अजून कोराच आहे. त्या दिवशी गाडीवानाची हकिकत संपायला दुपार झाली. गर्दीत पुढच्या रांगेत तान्हूबाई होती. ती सकाळपासून मांडी घालून एका जागी बसली होती, आणि हे पंतांच्या बरोबर ध्यानात आलं.

तात्पर्य: ज्याचं दुखणं त्याची हकिकत आधी ऐकावी. "मला कळलं नाही, तुम्ही सांगा" असं जो जाणकार म्हणू शकतो, त्याच्याच हातून गुण येतो.