अडलेलं बोलणं

“पण चूक माझ्या स्क्रिप्टची कशी, अप्पा? उन्हाळाभर ती एकदाही अडली नाही.”

विरूपाक्ष मठाच्या ओसरीवर लॅपटॉप मांडून बसला होता. पूर ओसरला होता, पण पायऱ्यांवरचा गाळ अजून ओलाच होता.

अप्पा म्हणजे मठाचे वृद्ध स्वामी. ऐन उमेदीत कॉम्प्युटरवर काम करून मग इकडे आलेले. विरूपाक्ष ही विद्या त्यांच्याकडेच शिकला. हल्ली मात्र शिकायचं काही उरलं नाही, असं त्याला वाटू लागलं होतं.

नदीच्या वरच्या अंगाला पाणी मोजणारी यंत्रं होती. त्यांचे आकडे छापणारा एक जुना प्रोग्रॅम मठात होता. विरूपाक्षनं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, तासातासाला तो जुना प्रोग्रॅम चालवायची, त्यानं छापलेलं वाचायची आणि पाणी चढत असेल तर खालच्या वस्तीला फोन लावायची.

पुराच्या दिवशी फोन गेलाच नाही. माणसं कशीबशी बाहेर पडली.

“तो प्रोग्रॅम बोलतो, म्हणजे जे छापतो, ते तू केव्हा वाचतोस?” अप्पांनी विचारलं.

“त्याचं काम संपल्यावर. एकदम. अर्धवट कशाला वाचायचं?”

“तोवर त्याचं बोलणं कुठं राहतं?”

“मध्ये थोडी जागा असते. तिथं साठतं.”

“आणि ती भरली तर?”

“एवढं तो कधी बोलतच नाही. उन्हाळ्यात जेमतेम चार ओळी…”

“पुरात?”

विरूपाक्षचं बोट कीबोर्डवरच थबकलं.

“पुरात… पुष्कळ बोलतो. प्रत्येक ओढ्याचं.”

“मग?”

“जागा भरली की तो थांबतो. मी वाचल्याशिवाय त्याला पुढं बोलता येत नाही.”

“आणि तू?”

“मी… तो संपायची वाट बघत असतो. म्हणजे दोघंही अडकून, आणि फोन तसाच राहतो.”



मग विरूपाक्ष घाईनं स्क्रीनकडे वळला. “सोपं आहे, अप्पा! तो बोलत असतानाच वाचत राहायचं. आत्ता बदलतो.”

तेवढ्यात खालच्या वस्तीतले रेवणसिद्ध कोष्टी पायऱ्या चढून आले.

“शरणार्थ, अप्पा.” मग ते विरूपाक्षकडे वळले. “तुलाच सांगायला आलो, बाळा. हातमाग वाहून गेला रे. वडलांच्या हातचा होता. पाणी उंबऱ्याशी आलं, तेव्हा हिला खांद्यावर घेतली, आणि मागं वळून बघितलं तर…”

“काका, दोनच मिनिटं,” मान वर न करता विरूपाक्ष म्हणाला. “एवढं दुरुस्त करतो, मग निवांत ऐकतो.”

रेवणसिद्ध गप्प झाले. उपरण्याचं टोक पिळत तिथंच उभे राहिले.

अप्पांनी वाकून लॅपटॉप मिटला.

“ते नुसते थांबलेत, विरूपाक्ष. त्यांचं संपलेलं नाही.”